लाभ, दोन, तीन

बेला
सोमवार, ता. १० जून २०२४

माह्या वहीवर तुह्या सरानं लाल रेघ मारली, अन् हे मले तुह्या बापाच्या तोंडून कळते! तेही कसं, तं काल राजकुमार आदिलाबादहून आला, जेवायले बसला अन् दुसऱ्या भाकरीले त्याची जीभ घसरली. म्हणे, "माय, प्रगतीच्या सरायले तुह्ये आकडे मनानं लिवलेले वाटून राह्यले." मनानं! वीस सोमवार मी पहाटे उठली, एकेक कोंबडी धरून थैलीत घातली, कोपरापर्यंत ओरखडे घेतले, अन् हैदराबादले पंख्याखाली बसलेला माणूस म्हणते, मनानं.

आता जय भीम. आशीर्वाद पत्राच्या शेवटी पाहू, उरला तं.

फोन करू नोको. फोनवर तू "हो आजी, हो आजी" म्हणते अन् सारं हवेत जाते. कागदावर लिवलेलं कोणाले नाई म्हणता येत नाई. देवाजी रोज पोस्टाच्या अंगानं जाते, त्याच्या हाती देते. तूही कागदच पाठव.

नव्या सालाच्या पयल्या दिवशी माह्या दोन कोंबड्यायखाली वीस पिलं निंगाली, तवा तू इथंच होती. बॅटरीचा काटा घेऊन आली. एकेक पिलू उचलून तूच वजन केलं, आपल्या डायरीत टिपलं, अन् जाता जाता मले कोरी वही देऊन गेली. म्हणे, "आजी, दर सोमवारी वजन करून लिव. देशी कोंबडी किती दिवसात किती वाढते, त्याचं गणित मांडायचं आहे. माही पदवी त्याच्यावर आहे." मी म्हटलं, कोंबडीच्या वाढीवर पदवी देते का सरकार? तू म्हटलं, देते. मंग मी लिवलं.

माही रीत सराले वाचून दाखव. दहा रंगाचे दोरे. दहा पिलायच्या डाव्या पायात, दहाच्या उजव्या. पाय जाड झाला का दोरा सैल केला. दाणे टाकायच्या आधी वजन, कारण खाल्लेली कोंबडी अन् उपाशी कोंबडी एक नसते. थैलीचं वजन बावीस ग्राम, ते दर वेळेस वजा. एक सोमवार, एक पान. पाच गेले: दोन घारीनं नेले, एक मुंगसानं, एक टाक्यात बुडाला, एक मानमोडीच्या रोगानं मेला. ज्या सोमवारपासून पक्षी नाई, त्या सोमवारपासून त्याची जागा कोरी. घारीनं नेलेल्याचं वजन पायजे असन तं सरानं घारीले पुसावं.

तुले एक गोष्ट सांगून ठेवते. मी चाळीस वर्ष केशवरावाच्या वावरात कापूस वेचला. संध्याकाळी गाठोडं काट्यावर चढलं का केशवराव एक बोंड मुठीत दाबून म्हणत, "ओला आहे, चंद्रभागा." झालं, दोन किलो कमी. एक बोंड ओलं, तं सारं गाठोडं ओलं. चाळीस वर्ष काटा त्यायच्या हातात होता अन् मी समोर उभी राह्यली. या वेळेस पयल्यांदा काटा माह्या हातात होता. तरी खोटी मीच?

दुसऱ्या खेपेची अठरा पिलं अंगणात फिरून राह्यली. त्यायची वही सहा पानं भरली. कोणता आकडा खोटा, कोणत्या पानावर, हे मले लिवून कळल्याशिवाय ती वही हैदराबादले येत नाई.

चंद्रभागा


हैदराबाद
१५ जून २०२४

आजी, जय भीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा नाही. बाबांना मी सांगितलं होतं, आजीला आत्ता काही बोलू नका, मी आधी शोधून काढते. त्यांच्या पोटात काही राहत नाही हे मी विसरले.

सर वाईट माणूस नाहीत. ते तुला ओळखत नाहीत, मराठीही वाचता येत नाही. तुझ्या वहीवरून मी संगणकात जो तक्ता केला तेवढाच त्यांनी पाहिला. त्यात काय दिसतं ते तुला सांगते, मग तूच ठरव.

पिलू आधी हळूहळू वाढतं, मग झपाट्याने, मग पुन्हा हळू, आणि शेवटी थांबतं. कागदावर आडवे आठवडे आणि उभी वजनं मांडली, की ठिपक्यांतून एक रेघ जाते: आधी सपाट, मग चढ, मग परत सपाट. त्या रेघेचं एक सूत्र असतं. त्यात तीनच आकडे आपण शोधायचे. कोंबडी शेवटी किती वजनावर थांबणार, सुरुवात कुठून झाली आणि चढ किती वेगाने चढली. हे तीन हाती आले, की पाच आठवड्यांचं पिलू पंधराव्या आठवड्यात किती भरेल ते आधीच सांगता येतं. पिंजऱ्यातल्या, विकतचं खाद्य खाणाऱ्या कोंबड्यांच्या अशा रेघा पुस्तकांतून खूप आहेत. उकिरडा उकरून, ज्वारीचे दाणे वेचून वाढणाऱ्या आपल्या कोंबडीची माझ्या पाहण्यात एकही नाही. म्हणून मला तुझं अंगण हवं होतं.

आता अडचण. पिलं निघाली त्या दिवशी मी स्वतः वजन केलं, सरासरी २९ ग्रॅम. तुझ्या पहिल्या पानावर वर 'लाभ' लिहिलंय आणि खाली वीस आकडे. त्यांची सरासरी ४१. म्हणजे पहिल्या आठवड्यात पिलांना ४१ ग्रॅमचा लाभ झाला. २९ आणि ४१ मिळून सत्तर. पुढच्या पानावर तू 'दोन' लिहिलंयस, तिथे सरासरी ६०. सत्तरची साठ! वीसच्या वीस पिलं एकाच आठवड्यात दहा दहा ग्रॅमनी आटली. त्या आठवड्यात एकही आजारी नाही, एकही मेलं नाही. सर म्हणाले, असं कुठलंच पिलू करत नाही, हे आकडे कोणीतरी बसून लिहिलेत.

पहिल्याच आठवड्याला तू वजनाऐवजी लाभ का लिहिलास, ते मलाही कळलं नव्हतं. वाटलं, मी निघताना 'वाढ, वाढ' करत होते म्हणून असेल. फोनवर विचारलंही होतं, आठवतंय? मी म्हटलं, "आजी, पहिल्या पानावर लाभच लिहिलंय ना?" तू म्हणालीस, "लाभच. मंग काय लिवू?"

माझं सेमिनार जुलैत आहे. ही वही बाद झाली तर विद्यापीठाच्या फार्मवरच्या कोंबड्यांवर नव्याने काम करावं लागेल. एक वर्ष जाईल, आणि आपल्या कोंबडीची रेघ राहूनच जाईल.

आणखी एक विचारते, रागावू नकोस. एखाद्या सोमवारी वजन राहून गेलं असेल, नंतर अंदाजाने भरलं असेल, तर मला सांग. मी कोणालाही दोष देणार नाही.

तुझी,
प्रगती


बेला
सोमवार, ता. २४ जून २०२४

अवं येडे, २९ मधात लाभ काऊन मिळवला?

लाभ म्हणजे एक! एक, एक, एक! पयलं पान, पयला सोमवार. लाभ, दोन, तीन, चार. तुले कोणी शिकवलं नाई? तुह्या बापानं तुले इंग्रजी शाळेत टाकलं, तवाच मी म्हटलं होतं का पोरगी आपली उरणार नाई. पण एवढंही उरणार नाई असं वाटलं नव्हतं.

ऐक. खळ्यावर ज्वारीची रास मोजताना पयल्या पायलीले कोणी एक म्हणत नाई. एक म्हणजे एकटं. रास एकावर थांबू नये म्हणून पयल्या पायलीले लाभ म्हणतात. केशवरावाचा माणूस पायली भरे अन् ओरडे, "लाभ!" मंग दोन, मंग तीन. मी पोतं धरून उभी राहू. शाळेत मी दोन वर्ष गेली, तिथं बाईनं एक शिकवला. खळ्यावर चाळीस वर्ष गेली, तिथं लाभ शिकली. मंग माह्या हातून काय लिवलं जाईन? लाभ त्यायच्या कोठीत जाये अन् मोजता मोजता पाठ माही जाये, पण जिभेले काय ठाऊक कोठी कोणाची?

तं आता तुह्यं गणित असं. २९ तू मोजले. लाभाच्या सोमवारी ४१ भरले. दोनच्या सोमवारी ६०. आटलं का काई? पिलू पिलासारखं वाढून राह्यलं. आटली ती तुही अक्कल.

फोनवर तू पुसलं, लाभच ना. मी म्हटलं, लाभच. तुही गोष्ट वेगळी, माही वेगळी, अन् दोघीही खऱ्या. म्हणून म्हणते, कागद बरा. तू जोडवजा कागदावर मांडली म्हणून तं चोर सापडला.

तुह्या रेघेचं मले समजलं. आधी सपाट, मंग चढ, मंग सपाट. एवढ्यासाठी तुले संगणक लागते याचं नवल वाटते. माह्या अंगणात कोंबडा स्वतः सांगते. नर जोवर मुकाट खाते तोवर वाढीले जोर असते. ज्या दिवशी तो मान ताणून अर्धंच आरवते, घसा बसलेल्या पुढाऱ्यासारखं, त्या आठवड्यात त्याचा चढ पुरा होते. मंग त्याचं ध्यान खाण्यात राहत नाई, दुसऱ्याच्या अंगणात राहते. या खेपेचे नर अकराव्या-बाराव्यात आरवायले लागले. पाह्य, तुह्या सूत्रात कुठं बसते.

शेवटी तू अंदाजाचं पुसलं. ज्याचा आळ घेतला होता त्याचं उत्तर दिलं. ज्याचा घेतला नाई, त्याचं मांगू नोको.

आता सराले सांग, लाल रेघ पुसा. माफी मागितली पायजे असं काई माह्यं म्हणणं नाई. पण ज्या हातानं रेघ मारली त्याच हातानं पुसली पायजे.

दुसरी वही अजून इथंच आहे.

चंद्रभागा

ता. क. राजकुमारले मी काई बोलली नाई. फक्त पुढच्या खेपेले त्याले एकच भाकर वाढली.


हैदराबाद
६ जुलै २०२४

आजी, जय भीम, आणि माझे दोन्ही कान मी धरले आहेत असं समज.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी तक्ता नव्याने मांडला. २९, ४१, ६०, मग ८८, मग सव्वाशे. रेघ अशी बसली की मी खुर्चीवरून उठले आणि प्रयोगशाळेत एकटीच हसत उभी राहिले. तशीच सरांकडे गेले, 'लाभ' म्हणजे काय ते सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलून तेलुगूत म्हणाले, "लाभम्, रेंडु, मूडु!" त्यांचे आजोबा नलगोंड्याकडे धान मोजताना असंच मोजायचे. चाळीस वर्षांत हा शब्द कानावर पडला नव्हता म्हणाले. तक्त्यावरची लाल रेघ त्यांनी स्वतः पुसली. मग तुझी वही मागून पहिल्या पानावर हात फिरवला आणि विचारलं, "ही बाई किती शिकली आहे?" मी म्हटलं, दोन वर्षं शाळा, चाळीस वर्षं खळं. त्यांनी ते फळ्यावर लिहून ठेवलंय.

आता तुझ्या आरवणाऱ्या कोंबड्याचं. चढ जिथे सगळ्यात उभा असतो तिथे रेघ थोडा वेळ जवळपास सरळ जाते, आणि त्या जागेनंतर दुसऱ्या अंगाला वळायला लागते. आमच्या गणितात ती जागा फार महत्त्वाची. आपल्या कोंबड्यांची ती अकराव्या आठवड्यात निघाली. तू म्हणालीस तिथेच! सरांना सांगितलं तर म्हणाले, आरवण्याची तारीखही लिहायला सांगा. तेव्हा दुसऱ्या वहीत तेवढं लिही.

आणि आजी, खरी बातमी पुढेच आहे. अकरावं पान. बाकीच्या पानांवर कोंबड्या रेघेच्या थोड्या वर-खाली उड्या मारतात, एखादी तीस ग्रॅम वर, एखादी पन्नास खाली. अकराव्या पानावर पंधराच्या पंधरा ठिपके रेघेला चिकटून बसलेत. सर म्हणाले, फार्मवरच्या पगारी माणसालाही असं वजन जमत नाही. सेमिनारमध्ये ते पान पडद्यावर मोठं करून दाखवायचं, तुझ्या अक्षरासकट, खाली नाव: चंद्रभागाबाई, बेला. परसातल्या कोंबडीचं वजन घरची बाई किती काटेकोर करू शकते याचा नमुना म्हणून. सेमिनार आता १६ ऑगस्टला आहे.

बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं ते नाचतील. ते फक्त म्हणाले, "अकरावं पान? बरं." आणि मग हवापाण्याचं बोलायला लागले. त्यांना अजून एकाच भाकरीवर ठेवलंयस का?

दुसरी वही पाठव ना आता.

तुझी,
प्रगती


बेला
सोमवार, ता. ५ ऑगस्ट २०२४

महिनाभर कागद नाई म्हणून तू चार फोन केले अन् चारही वेळा शेजारच्या रेणुकाबाईनं उचलले. मीच तिले सांगतलं होतं, म्हणावं कपाशीत खुरपून राह्यली. खुरपत होतीच. पण खुरपताना हात चालतात अन् डोकं मोकळं राहते, त्यानंच सारी पंचाईत झाली.

जय भीम.

ते अकरावं पान खोटं आहे.

दहाव्या पानानंतर, शनिवारी, विहिरीजवळ घागर घेऊन उभी होती अन् डोळ्यापुढं अंधारी आली. पडली. राजकुमारनं आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं. तीन दिवस सलाईन. अठरा मार्चच्या सोमवारी माह्या हातात काटा नव्हता, सुई होती. तुही परीक्षा चालू होती, म्हणून तुह्या बापाकडून वचन घेतलं का पोरीले सांगायचं नाई. पाह्य, ज्या बापाच्या पोटात काई राहत नाई म्हणते, त्यानं हे पाच महिने ठेवलं. आता त्याच्या ताटात दोन भाकरी.

आता मी चांगली आहे. रडू नोको, अन् यायचीही गरज नाई. तवा सांगतलं असतं तं तू उशाशी येऊन बसली असती, अन् तुह्या बसण्यानं सलाईन काई लवकर संपत नव्हतं.

कोंबड्यायले दाणे रेणुकाबाईनं टाकले. काट्याले मात्र हात लावायले भेली. म्हणे, करंट बसन. मी म्हटलं, बॅटरीचा आहे. म्हणे, बॅटरी झाली म्हणून काय झालं?

बुधवारी घरी आली. वही उघडली, तं दहानंतर कोरं पान. लय वेळ पाहत बसली. मेलेल्या पक्ष्याची जागा मी कोरी सोडली होती, मंग माही काऊन नाई सोडली? याचं उत्तर मले सापडलं ते सांगते. पक्षी मेला तं दोष घारीचा. वजन राह्यलं तं दोष माहा. केशवरावाचं ते एक बोंड माह्या डोळ्यापुढं आलं. हैदराबादचे लोक एक कोरं पान पाह्यतीन अन् म्हणतीन, बाई आळशी आहे, बाकीचंही असंच असन. म्हणून थांबली. पुढच्या सोमवारी बारावं वजन केलं. मंग दहावं पान डाव्या मांडीवर, बारावं उजव्या मांडीवर, एकेक कोंबडी घेतली, दोन्ही आकडे मिळवले, अर्धे केले, मधात लिवले. पेनही तोच वापरला. अर्धं करायले कोण्या शाळेत जावं लागत नाई, आयुष्यभर अर्ध्या भाकरीचा हिशोब केला आहे.

तवा तू अंदाजाचं पुसलं, मी तोंड फिरवलं. पयल्या पत्रात वीस सोमवार लिवले. एकोणीस होते.

अन् तुह्यं पत्र आलं. सरायले आवडलं तं कोणतं पान? जे कोंबड्यायनं लिवलंच नाई ते! बाकी पानायवर कोंबड्या उड्या मारतात म्हणते. मारतीनच. एखाद्या रविवारी वाळवी फुटते, एक पोटभर खाते अन् दुसरी उशिरा पोहोचते. एखादीच्या मांगं कुत्रा लागते. त्याच आठवड्यात लाल दोऱ्याच्या कोंबड्याले कुत्र्यानं धरलं होतं. मी आली तवा तो लंगडत होता अन् तीन दिवसाचा उपाशी होता, असं रेणुकाबाईनं सांगतलं. खरं वजन केलं असतं तं शंभर ग्राम खाली भरला असता. माह्या पानावर तो कसा आहे? धडधाकट, रेघेले चिकटून. तुही रेघ तिथं सरळ जाते असं तूच लिवलं. सरळ रस्त्यावरचं मधलं पाऊल कोणीही बिनचूक टाकन. मी अर्धे करून टाकले, तुह्या सूत्रानंही तेच टाकले. दोघायचं जमलं म्हणून सर खूश. कोंबड्यायले कोणी पुसलंच नाई.

पडद्यावर ते पान दाखवाल अन् खाली माह्यं नाव लिवाल, तं त्या एका पानानं माही एकोणीस पानं खोटी होतीन. आज नाई, कधी तरी. म्हणून ते पान कापून टाक. माह्यं नाव लावायचंच असन तं आठव्या पानाले लाव. त्या सोमवारी काबरी कोंबडी पिशवीत हागली, मी पिशवी धुऊन वाळवून पुन्हा वजन केलं, आकडा खोडून दुसरा लिवला. ते पान घाणेरडं आहे, पण खरं आहे.

दुसरी वही या पत्रासोबत देवाजीच्या हाती देते. आता अडवून ठेवायचं तोंड माह्यापाशी नाई. पयल्या पानावर लाभच लिवला आहे. नवव्या पानावर काई नाई, रविवारी तलमडुगुले लग्न होतं अन् सोमवारी परतायले गाडी भेटली नाई. कोरं ते कोरं. नर कवा आरवले तेही लिवलं आहे. पयला आरवला तो हिरव्या दोऱ्याचा, अकराव्या आठवड्यातल्या गुरुवारी, अन् इतका वाईट आरवला का कोंबड्याही त्याच्याकडं पाहत राह्यल्या.

आता पुसायचं ते एकच. एक पान ओलं निंगालं, तं सर सारं गाठोडं ओलं धरतीन का एकोणीस पानं कोरडी मानतीन? तुही पदवी त्याच्यावर आहे, हे मले समजते. माह्यं काय आहे त्याच्यावर, ते तुले समजलं असन.

याचं उत्तर तू लिवू नोको. तू नात आहे, तुह्या काट्यावर माह्यं वजन जास्तीच भरन. तुह्या बापानंही मधात पडू नये. ज्या हातानं लाल रेघ मारली अन् पुसली, त्याच हातानं लिवावं. मराठी येत नसन तं तेलुगूत लिवावं, राजकुमार वाचून दाखवन, अन् तो काई गाळून वाचत असन तं ते मले त्याच्या तोंडावरून कळते. सोळा तारखेच्या आत, सही करून, सरानंच.

चंद्रभागा